पोत वरून थापता येत नाही

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या नव्या सोसायट्यांच्या आणि ऑफिसांच्या लॉबीत हल्ली एक ठरावीक चित्र हमखास भेटतं. चार-पाच फूट रुंद कॅनव्हास, पांढऱ्या, राखाडी आणि मातकट रंगांचे जाड थर, त्यातून गेलेली सोनेरी वर्खाची रेघ, एखाद्या कोपऱ्यात चिकटवलेला गोणपाटाचा तुकडा. सोफ्याशी जुळणारं, पडद्यांशी जुळणारं. विकणारा त्याला ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणतो, बिलावर ‘मिक्स्ड मीडिया’ लिहितो आणि घेणाऱ्याला आवर्जून सांगतो की हात फिरवून बघा, खरा पोत आहे, प्रिंट नाही.

अशा चित्राची थट्टा करणं सोपं आहे, पण ते योग्य नाही. दिवसभर काच, स्क्रीन आणि गुळगुळीत लॅमिनेट यांच्यात वावरणाऱ्या माणसाला घरात काहीतरी खडबडीत, हाताने केलेलं हवंसं वाटतं, ही गरज खरी आहे. डोंगर-नदी-सूर्यास्ताच्या छापील फ्रेमऐवजी आकार ओळखू न येणारं चित्र भिंतीवर लावण्याचं धाडसही त्यात आहे. अडचण आहे ती त्या गरजेला जे पुरवलं जातं त्यात. तिथे पोत आहे, पण त्याच्या खाली बांधणी नाही. भिंतीला जसा टेक्श्चर पेंट मारतात तसा तो कॅनव्हासला मारलेला आहे. अमूर्त चित्रात पोत असा वरून येत नाही. तो चित्र ज्या रीतीने रचलं जातं, त्या रीतीतूनच निघतो. हा फरक कळला की चित्र पाहणं बदलतं, विकत घेणं बदलतं आणि शिकवणंही बदलायला हवं असं वाटू लागतं.

हा फरक पाहायला व्हाइटफील्डहून फार लांब जायला नको. जांभळ्या मार्गिकेची मेट्रो मार्च 2023 मध्ये व्हाइटफील्डपर्यंत आली आणि मधला तुटलेला टप्पा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जोडला गेला. आता गाडी न बदलता कब्बन पार्कला उतरता येतं. तिथून जवळच, कस्तुरबा रोडवर, म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी म्हणजेच ‘मॅप’ची इमारत आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये ती लोकांसाठी उघडली. मॅथ्यू अँड घोष या बेंगळुरूच्याच वास्तुरचनाकारांनी तिला बाहेरून स्टीलच्या पत्र्यांचं अंग दिलं आहे, आणि ही कल्पना पाण्याच्या टाकीवरून घेतलेली आहे. जुन्या रेल्वे स्टेशनांशेजारी उंच खांबांवर उभ्या असलेल्या लोखंडी टाक्या आठवाव्यात. त्यांच्या चौकोनी पत्र्यांवर दाबून काढलेल्या फुल्या असतात. त्या नक्षीसाठी नसतात. पातळ सपाट पत्रा पाण्याच्या दाबाने फुगतो. त्यालाच घडी दिली, उंचवटा दिला, की तो ताठ होतो आणि जाडी न वाढवता भार पेलतो. ऊन तिरपं पडलं की त्या फुल्यांच्या सावल्या उमटतात आणि पाहणाऱ्याला तो पोत सुंदर वाटतो. पण तो तिथे आहे तो पत्र्याला उभं राहायचं आहे म्हणून. व्हाइटफील्डसारख्या अभियंत्यांच्या वस्तीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

कॅनव्हासवरही हाच नियम चालतो, आणि तो मोडला की काही महिन्यांत दिसून येतो. बाजारातल्या पोतचित्रांची कृती साधारण अशी असते. तयार कॅनव्हास घ्यायचा. त्यावर मॉडेलिंग पेस्ट लावायची. म्हणजे संगमरवराची किंवा खडूची बारीक पूड आणि ॲक्रिलिकचा चिकटा यांचं घट्ट मिश्रण. ही पेस्ट महाग पडते, म्हणून पुष्कळदा भिंतीची पुट्टी आणि पांढरा गोंद यांवर भागवलं जातं. रुंद सुरीने एकाच बैठकीत जाड थर ओढायचा, फणीने किंवा पत्र्याच्या तुकड्याने चर पाडायचे, सुकलं की रंग आणि वर्ख. जाड थराचा वरचा भाग आधी सुकतो, आत ओल राहते, आणि आतला माल आकसताना वरच्या भागाला तडे जातात. पुट्टी ताठ, कापड लवचिक. हवेतल्या ओलाव्याबरोबर कापड कधी ताणलं जातं, कधी सैल पडतं, आणि ताठ थर त्याच्याबरोबर हलू शकत नाही. मग एक दिवस झाडू मारताना चित्राखाली पांढरी पूड सापडते. चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद त्याच्यातल्या आम्लामुळे पिवळा पडत जातो, गोणपाटाचे धागे ठिसूळ होतात.

ज्याला सामग्री ठाऊक आहे तो वेगळा वागतो. पातळ थर देतो, तो पूर्ण सुकू देतो, मग दुसरा. माल जड असेल तर कॅनव्हास सोडून लाकडी फळीवर काम करतो. तैलरंगात खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत जास्त ठेवतो, नाहीतर खालचा थर मागाहून हलतो आणि वरचा फाटतो. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही, हे त्याला शिकवावं लागत नाही. ही सगळी बांधकामाचीच भाषा आहे: पाया, भार, ताण, सुकण्याचा अवधी. आणि चित्राचा चेहरा याच निर्णयांतून घडतो. कुठला थर कुठे उघडा ठेवायचा, कुठे खरवडायचा आणि कुठे हात आवरायचा, हे सारे रचनेचे प्रश्न आहेत.

मराठी वाचकाला याचं सर्वांत मोठं उदाहरण घरातच आहे. नागपुरात 1924 मध्ये, गोव्याकडच्या कुटुंबात जन्मलेले वासुदेव गायतोंडे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून (जे. जे.मधून) 1948 मध्ये बाहेर पडले आणि पुढे दिल्लीत निजामुद्दीन भागात राहून वर्षानुवर्षं काम करत राहिले. त्यांचं 1961 सालचं एक चित्र मार्च 2021 मध्ये लिलावात 39.98 कोटी रुपयांना गेलं, तेव्हा बातम्या आल्या त्या आकड्याच्या. त्यांच्या चित्रांच्या पृष्ठभागावर नेमकं काय चालतं, याबद्दल मात्र आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. बोलायला हवं ते त्याबद्दलच.

गायतोंडे ब्रशवर फारसे विसंबून नव्हते. रंग रोलरने पसरवायचा, पॅलेट नाइफने ओढायचा आणि खरवडायचा. वर्तमानपत्र आणि मासिकांच्या कागदांचे तुकडे ओल्या रंगावर ठेवायचे, दाबायचे आणि उचलून घ्यायचे. कागद काही रंग सोबत नेतो, काही मागे ठेवतो, आणि जिथे तो होता तिथे एक आकार उरतो. तो आकार कशासारखाही दिसत नाही; एखाद्या अक्षराचा, भग्न लिपीचा भास होतो, इतकंच. खालचा थर वरच्या थरातून डोकावतो. समोर उभं राहिलं की प्रकाश चित्राच्या आतून येतोय असं वाटतं, आणि एक पाऊल पुढे गेलं की कळतं, रंगाची जाडी जागोजागी वेगळी आहे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने ऑक्टोबर 2014 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावातच चित्रकला ही प्रक्रिया आणि चित्रकला हेच जगणं, असं म्हटलं होतं. ते अगदी नेमकं होतं. गायतोंड्यांची चित्रं मोजकीच आहेत, कारण थर घाईने सुकत नाहीत आणि पुढचा थर कुठे द्यायचा हे बसून, पाहत राहून ठरवावं लागतं. लॉबीतल्या चित्रात नसतो तो हा वेळ.

पोत म्हणजे खडबडीतपणा, हा गैरसमज प्रभाकर बरवे यांची चित्रं एका फटक्यात दूर करतात. 1936 साली जन्मलेले बरवे 1961 पासून वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होते; त्यातली सुरुवातीची वर्षं वाराणसीत गेली. हातमागाच्या कापडासाठी नवी डिझाइन तयार करणारी ही सरकारी संस्था. तिथे अनेक आधुनिक चित्रकारांनी नोकरी केली, अकोल्याचे अंबादास खोब्रागडे हेही त्यांतले. चित्रकाराने मागाशेजारी काही वर्षं काढणं ही किरकोळ गोष्ट नाही. कापडात ताणा आणि बाणा यांची वीण हीच बांधणी असते आणि तीच पोत असते. दोन्ही वेगळे काढायचे म्हटले तर कापडच उसवावं लागेल. रेशमाची चमक किंवा खादीचा खरखरीतपणा कुणी नंतर लावत नाही.

बरवे पुढे एनॅमल पेंटने चित्रं करू लागले. खिडकीच्या गजांना, दुकानाच्या पाट्यांना लावतात तो साधा रंग. तो आपोआप पसरतो, ब्रशच्या खुणा पुसून टाकतो आणि गुळगुळीत, थोडा अलिप्त पृष्ठभाग मागे ठेवतो. त्या पृष्ठभागावर पान, घड्याळ, फळ अशा वस्तू एकमेकींपासून अंतर राखून तरंगत राहतात. ते अंतर म्हणजे बरव्यांची रचना, आणि एनॅमलचा शांत पृष्ठभाग नसता तर ते अंतर जाणवलंच नसतं. इथे जाड थर दिला असता तर चित्र कोसळलं असतं. 1990 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकाचं नावही चित्र सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवतं. मराठीत चित्रकाराने स्वतःच्या विचारावर लिहिलेली पुस्तकं फार नाहीत. हे एक आहे, आणि व्हाइटफील्डमधल्या मराठी घरांच्या कपाटात ते असावं, असं मनापासून वाटतं.

प्रभाकर कोलते यांचा मार्ग आणखी निराळा. 1946 मध्ये सिंधुदुर्गातल्या नेरूरपारला जन्मलेले कोलते चित्राचा बराचसा भाग एका रंगाने झाकत नेतात. खालचं घडलेलं काही ठिकाणी मात्र उघडं ठेवतात. पाहणाऱ्याला तेवढंच दिसतं आणि झाकलेल्याची ओढ लागते.

आता बेंगळुरूकडे येऊ, कारण मिश्रमाध्यमात काय करता येतं याचं आजचं ठसठशीत उदाहरण याच शहरात आहे. शीला गौडा 1957 मध्ये भद्रावतीला जन्मल्या. बेंगळुरूच्या केन स्कूलमध्ये, मग शांतिनिकेतनात आणि नंतर लंडनच्या रॉयल कॉलेजमध्ये त्या चित्रकला शिकल्या. सुरुवातीला तैलरंगातच काम करत होत्या. 1992 नंतरच्या दंगलींच्या काळात त्यांना तो रंग अपुरा वाटू लागला, आणि त्या शेणाकडे वळल्या. सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या मराठी माणसाला शेणाचा पोत काय असतो हे सांगायला नको: बोटांचे अर्धगोल फराटे, सुकल्यावर येणारा फिकटपणा, काडीकचऱ्याचे बारीक तंतू. गौडांनी त्यात सजावट शोधली नाही. सरपण, सारवण, पावित्र्य, बायकांचे कष्ट, हे सगळं त्या पदार्थात आधीपासून होतं. त्यांनी त्याला रचना दिली.

त्यांची एक रचना जवळून पाहण्यासारखी आहे. लांबच लांब धागे सुयांच्या नेढ्यांतून ओवलेले. असे अनेक धागे एकत्र करून कुंकू आणि डिंक यांच्या लेपाने त्यांचा दोर केलेला. दोर भिंतींवरून, जमिनीवरून वळसे घेत जातो आणि त्याच्या टोकाला सगळ्या सुयांचा झुबका लोंबतो. दुरून ती हवेत काढलेली लाल रेघ वाटते, निव्वळ अमूर्त. जवळ गेलं की कुंकवाची पूड दिसते, दोराचा कडकपणा दिसतो आणि मग सुया दिसतात. प्रत्येक धागा सुईतून गेला, म्हणजे कुणीतरी तो तितक्या वेळा ओवला. पोत इथे श्रमाची नोंद आहे. 2009 च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी मांडलेल्या कामात माणसाच्या केसांचे मैलोगणती दोर होते आणि गाड्यांचे बंपर होते. दक्षिणेत ड्रायव्हर दृष्ट लागू नये म्हणून केसांचा दोर गाडीला बांधतात; तोच दोर घेऊन त्यांनी त्याच्या आधारावर स्टीलचे बंपर टांगले. मऊ वस्तू जड वस्तूला पेलून धरते आहे, हे पाहताना पोटात कुठेतरी हलतं. आज ते काम लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते मांडणाऱ्या कलावंत राहतात बेंगळुरूत.

गौडांनी डांबराच्या रिकाम्या पिंपांपासूनही एक खोली उभी केली होती. रस्त्याचं काम करणारे मजूर अशाच पिंपांच्या पत्र्यांचा आडोसा करतात. वाकून आत शिरलं की छताला पाडलेल्या छिद्रांतून प्रकाशाचे ठिपके दिसतात, रात्रीच्या आभाळासारखे. व्हाइटफील्डचे रस्ते, उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब ज्यांनी बांधले त्यांच्या पत्र्याच्या वसाहती इथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं गाडीच्या काचेतून पाहिल्या आहेत. त्या पत्र्यात चित्र आहे हे पाहायला एक कलावंत लागला.

इथे हरकत घेतली जाईल. दिवाणखान्यातलं चित्र हे सजावट म्हणूनच घेतलं जातं, त्याला संग्रहालयाच्या तराजूत कशाला तोलायचं? हरकत रास्त आहे, आणि सजावटीबद्दल तुच्छता बाळगण्याचं कारणही नाही. कोलाजचा इतिहास खुद्द सजावटीच्या धंद्यातून सुरू होतो. जॉर्ज ब्राक याचे वडील घरं रंगवण्याचं काम करत. फणी ओढून रंगात लाकडाच्या रेषांचा भास आणण्याची कारागिरी तो त्या धंद्यातच शिकला. 1912 मध्ये त्याने लाकडासारखा दिसणारा छापील वॉलपेपर कापून आपल्या रेखाटनात चिकटवला, त्याच वर्षी पिकासोने वेताच्या विणीचं चित्र छापलेलं मेणकापड कॅनव्हासला लावून कडेने जाड दोर फिरवला. वॉलपेपर तोच होता. पण घराच्या भिंतीवर तो लाकूड असल्याची बतावणी करत होता, आणि ब्राकच्या चित्रात तो टेबल, कागद आणि डोळा यांच्यातलं नातं उलगडून दाखवत होता. सजावटीची वस्तू रचनेत कामाला लागली, इतकाच फरक, पण आधुनिक कलेची दिशा त्याने बदलली.

तड्यांचंही तसंच. इटलीचा अल्बर्टो बुरी हा पेशाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात पकडला जाऊन टेक्सासमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत असताना चित्रं काढू लागला. त्याने पोती शिवली, प्लास्टिक जाळलं, आणि 1970 च्या दशकात पांढऱ्या मातीचे जाड थर देऊन त्यांना मुद्दाम तडकू दिलं. थर किती जाड, सुकायला किती वेळ, तडे कुठे रुंद होतील, हे त्याच्या हिशेबात होतं. पुट्टीला नकळत गेलेला तडा आणि हा तडा लांबून सारखेच दिसू शकतात. जवळून पाहणाऱ्याला फरक कळतो.

जवळून पाहणं हीच आज दुर्मीळ झालेली गोष्ट आहे. चित्रं निवडली जातात फोनवर. फोनच्या पडद्यावर समोरून प्रकाश मारलेला फोटो येतो. त्यात पोत एक तर सपाट होतो, नाहीतर फिल्टरने फुगवलेला असतो. मग विकणारेही फोटोत उठून दिसेल असाच पोत करू लागतात: ठळक चर, ठळक सोनं. गायतोंड्यांचं चित्र फोनवर पाहिलं तर पिवळा किंवा हिरवा आयत दिसेल. त्यात काहीच नाही असं म्हणून बोट पुढे सरकेल. अमूर्त चित्र कळत नाही, ही तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ते समोरासमोर, बाजूने, पाच मिनिटं थांबून पाहिलेलंच नसतं. पॅलेस रोडवर माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये 2009 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, दर जानेवारीत चित्रकला परिषतेसमोरच्या कुमारकृपा रोडवर चित्रसंते म्हणजे चित्रांचा बाजार भरतो, तिथे तर चित्रकार स्वतःच आपल्या चित्रांशेजारी बसलेला असतो आणि विचारलं तर खालच्या थरात काय आहे हे आनंदाने सांगतो. एवढं हाताशी असताना फोनवर चित्र निवडणं हे आपलंच नुकसान आहे.

व्हाइटफील्डला कलेचं वावडं आहे असंही नाही. 1882 मध्ये म्हैसूरच्या चामराजेंद्र वडियार महाराजांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेला दिलेल्या जमिनीवर ही वस्ती वसली, आणि ती वर्तुळाकार आखली गेली. इनर सर्कलचे जुने बंगले आणि झाडं त्या आखणीची आठवण अजून धरून आहेत. पुढे याच पट्ट्यात, कुंदलहळ्ळीला, युसूफ अरक्कल यांनी घर आणि स्टुडिओ केला. केरळातल्या चावक्काडहून कोवळ्या वयात बेंगळुरूला आलेला, एचएएलमध्ये नोकरी केलेला आणि चित्रकला परिषतेत शिकलेला हा कलावंत रंग, मुद्राचित्र, शिल्प, भित्तिशिल्प यांतलं काहीच वर्ज्य मानत नव्हता. राखाडी-तपकिरी, घासलेल्या, झिजलेल्या पृष्ठभागांतून त्यांची एकाकी माणसं उभी राहतात. ती अमूर्त नाहीत, पण त्यांचं एकाकीपण त्या झिजलेल्या पृष्ठभागावरच उभं आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ते गेले. व्हीआर बेंगळुरू मॉलमध्ये ‘व्हाइटफील्ड आर्ट कलेक्टिव्ह’ हा कलामहोत्सवही भरत आला आहे. म्हणजे परंपरा आहे, जागा आहेत, पैसा तर आहेच.

कमी पडतं ते शिकवणं. क्लबहाउसमध्ये शनिवार-रविवारी ‘टेक्श्चर आर्ट’च्या कार्यशाळा होतात. दोन तासांत तयार कॅनव्हास, तयार पेस्ट, सुरी, शेवटी वर्ख, आणि सगळे जण जवळपास एकच चित्र घेऊन घरी जातात. त्यात मिळणारा विरंगुळा नाकारायचा नाही. पण मुलांना तरी याहून चांगलं दिलं पाहिजे. एक फळी, जुनी वर्तमानपत्रं, खळ आणि एकच रंग एवढ्यावर महिनाभर काम होऊ शकतं. पहिल्या आठवड्यात कागद फाडून नुसता मांडायचा: कुठे जड होतं, कुठे रिकामं राहतं. मग चिकटवायचा, सुकू द्यायचा, पुढच्या आठवड्यात झाकायचा, त्याच्या पुढच्या आठवड्यात खरवडायचा आणि खालचं काय वाचवायचं ते ठरवायचं. कोलते 1972 ते 1994 अशी बावीस वर्षं जे. जे. मध्ये शिकवत होते. झाकणं आणि उघडं ठेवणं यांतला विचार वर्गात शिकवता येतो, ही आपल्याकडची आजमावलेली गोष्ट आहे. घरातली गोधडी त्या वर्गात जरूर न्यावी. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र बांधले जातात, आणि त्या टाक्यांनीच तिच्यावर ती बारीक सुरकुती उठते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात ती अशीच थरांची, ठिगळांची, पण रंगांची मांडणी पाहिली तर एखाद्या आधुनिक चित्रकाराने हेवा करावा अशी.

आणि लॉबींचं काय? व्हाइटफील्डमध्ये सतत काहीतरी बांधलं जातंय. सिमेंटचे डाग पडलेलं शटरिंगचं प्लायवूड, सिमेंटची रिकामी पोती, हिरवी जाळी, ग्रॅनाइटच्या कापलेल्या कडा, ऑफिसांतून भंगारात जाणारे सर्किट बोर्ड: ही या जागेची स्वतःची सामग्री आहे, आणि ती रोज ट्रक भरून बाहेर जाते. बिल्डरने किंवा कंपनीने ठोक भावात वीस पोतचित्रं मागवण्याऐवजी तेवढ्याच पैशांत एका कलावंताला सहा महिने जागा, ही सामग्री आणि मोबदला द्यावा. करारात वेळ लिहावा, विषय लिहू नये. चित्राशेजारच्या पाटीवर ‘मिश्रमाध्यम’ एवढं मोघम न लिहिता नेमकं काय वापरलं ते लिहावं, कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि जमलं तर इमारत बांधणाऱ्या मजुरांच्या भाषेतही. पाच वर्षांनी चित्र कसं सांभाळायचं, तडा गेला तर कुणाला बोलवायचं, हेही त्याच कागदावर असावं. दिवा समोरून न मारता बाजूने द्यावा. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत लॉबीच्या रंगकामाचा खर्च मंजुरीला येईल, तेव्हा टेक्श्चर पेंटच्या चौरस फुटाच्या दराखाली कलावंताच्या मोबदल्याची ही एक ओळ वाढवायला कुणीतरी हात वर करावा.